आम्ही सगळे येसाया

मलावीच्या नव्या अध्यक्षांच्या शपथविधीला नाचायला जायचं ठरलं, तेव्हा चिंगोमा गावच्या बायकांचं पहिलं भांडण झालं ते कापडावरून. पक्षाने गावात वाटलेल्या चितेंज्यांवर अध्यक्षांचा ताटाएवढा चेहरा छापलेला होता, आणि ते कापड कमरेला कसंही गुंडाळलं तरी चेहरा नेमका बसायच्या जागी यायचा. माई टेलेझा, म्हणजे पक्षाच्या महिला शाखेची त्या भागातली पुढारी, डोक्याला हात लावून बसली.

"अगं बायांनो, पुढे घ्या चेहरा, पुढे! तिथे सगळं जग बघणार आहे. बाबांवर बसता काय?"

"पुढे घेतला तर बाबा तोंड कुठे घालतात ते तरी बघा, माई," एलुबी म्हणाली, आणि बायका एकमेकींच्या अंगावर पडून हसल्या.

त्यांना हसायला काय जातं? अध्यक्षांची चितेंजी त्यांना नवी नव्हती. आधीच्या अध्यक्षांचे चेहरे घरोघरी भांडी पुसत होते, त्याआधीच्यांच्या चेहऱ्यांत पोरं पाठीला बांधून वाढवली होती.

एनेलेसी मात्र हसली नाही. एरवी असल्या थट्टेत तिचाच आवाज सगळ्यांच्या वर असायचा, कारण गावात गाणं सांगणारी तीच. तिने ओळ टाकायची आणि बाकीच्यांनी उचलायची, ही वर्षानुवर्षांची पद्धत. पण त्या दिवशी तिच्या डोक्यात दुसरं काही शिरतच नव्हतं. तिच्या डोक्यात येसाया होता.

येसाया तिचा धाकटा. कापिरा बाजारात सायकलच्या मागे माणसं बसवून पोचवायचा. सायकलला त्याने या पक्षाचा झेंडा लावला होता. तेव्हा हा पक्ष विरोधात होता आणि झेंडा लावणं म्हणजे विकतचं दुखणं. एका संध्याकाळी बाजारातली सत्ताधाऱ्यांची कचेरी जळाली. कोणी जाळली ते देवाला ठाऊक. येसाया तेव्हा घरी न्सिमा खात बसला होता, मक्याची ती गरम उकड तिने स्वतःच्या हाताने वाढली होती. दुसऱ्या दिवशी पोलीस आले आणि ज्याच्या सायकलीला झेंडा दिसला त्याला गाडीत कोंबून घेऊन गेले. बाकीच्या पोरांचे मामा धावले, हातापाया पडले, एकेकाला सोडवून घेऊन आले. येसायाचा मामा, एनेलेसीचा एकुलता भाऊ, आधीच वारलेला. तिथे पोराचं सगळं मामाच बघतो; ज्याला मामा नाही त्या पोराच्या मागे कोण उभं राहणार? खटला उभा राहीना, तारीख मिळेना. राजधानीकडच्या तुरुंगात तो कच्चा कैदी म्हणून पडला तो पडलाच. मागच्या भेटीत तो खोकला, आणि खोकून झाल्यावर तोंडावरचा हात तिला दिसू न देता घाईघाईने पाठीमागे पुसला. एनेलेसीने ते पाहिलं. त्या दिवसापासून तिला घास गोड लागत नव्हता.

आणि आता तोच पक्ष निवडून आला होता. प्रचाराच्या वेळी आंब्याखाली उभं राहून एक टायवाला माणूस छातीठोक सांगून गेला होता, "आपली पोरं आत सडताहेत. बाबा आले की दारं उघडतील!" टाळ्या सगळ्यांनी वाजवल्या, पण ते वाक्य घरी नेलं एकट्या एनेलेसीने.

त्या मुलखात एक रीत आहे. उखळाशी मुसळ हाणता हाणता बाई जे गाईल त्याचा जाब तिला कोणी विचारायचा नाही. नवरा दारुडा असो, जावई आळशी असो, गावचा मुखिया खादाड असो; गाण्यात नाव घेऊन त्याला धुऊन काढला तरी त्याने मुकाट ऐकून घ्यायचं. पण रीतीला दुसरी बाजूही आहे. उखळाशी गायलेलं पुन्हा अंगणात येऊन बोलायचं नाही. गायलं, ऐकलं, विषय संपला.

मागे एकदा मुखियाच्या शेळ्यांनी एनेलेसीचा भुईमूग फस्त करायचा सपाटा लावला होता. सांगून काही होईना. तेव्हा तिने उखळाशी गाणं रचलं, 'शेंगा खाल्ल्या शेळ्यांनी, टरफलं गेली मुखियाच्या कानात.' दोन दिवसांत पोरंटोरंसुद्धा ते गायला लागली. मुखिया रस्त्यात भेटला तर नमस्कार करायचा, ती गुडघा वाकवायची, शब्द कोणीच काढला नाही. पण शेळ्या खुंट्याला बांधल्या गेल्या. तेव्हापासून एनेलेसीची पक्की खात्री, की बोललेलं वाऱ्यावर जातं आणि गायलेलं पोचतं.

आता मुखिया कुठे आणि देशाचा अध्यक्ष कुठे, हे कुणीही सांगेल. पण ते स्वतःच आपल्याला बाबा म्हणवून घेतात, बायकांना नाचायला बोलावतात, त्यांच्यासमोर येऊन कंबर हलवतात. मग एखादी बाई त्यांना मोठा मुखिया समजली तर दोष कोणाचा?

तिने बेत फक्त एलुबीला सांगितला.

"नाव घेणारेस? सरळ नाव?" एलुबीने मुसळ थांबवलं. "टेलेझा तुला कच्ची खाईल."

"गाण्याचा जाब कोणी विचारत नाही."

"इथे नाही विचारत. तिथे फौज असते बाई, बंदुका घेऊन."

"फौजेच्या आया मका कांडत नाहीत होय?"

एलुबीने मुसळ पुन्हा उचललं. ती म्हणाली, "मी आहे तुझ्यामागे. ओळ पडू देणार नाही."

माई टेलेझासमोर सराव झाला तेव्हा गाणं अगदी सोवळं होतं. 'बाबा आले, किल्ल्या कोणाकडे?' असं एनेलेसीने विचारायचं आणि बायकांनी टाळ्यांवर म्हणायचं, 'बाबांकडे, बाबांकडे!' 'दार कोण उघडणार?' 'बाबा उघडतील!' टेलेझा खूश झाली. "हेच! असंच गोड गा. रडगाणं नको."

थंडीचे दिवस होते. लॉरीच्या उघड्या हौद्यात बायका एकमेकींना चिकटून, धुक्यात कुडकुडत राजधानीला, लिलाँग्वेला पोचल्या. स्टेडियममध्ये शिरल्यावर एनेलेसीला पहिल्यांदा भीती वाटली नाही, उलट हायसं वाटलं. एवढी माणसं! माणसांच्या भिंतीच्या भिंती उभ्या होत्या, आणि त्या सगळ्या गात होत्या. एवढी माणसं एकदम आनंदात असताना एका पोराचं काम अडेल कसं, असं तिला वाटलं. तिने एलुबीचा हात दाबला.

बायकांची जागा कुंपणाच्या आत, हिरवळीच्या कडेला होती. ऊन चढेपर्यंत काही घडलं नाही. मग काळ्या गाड्यांची रांग आली, लोक उठून ओरडले. नवे अध्यक्ष लांबून अंगठ्याएवढे दिसत होते. शपथ कर्ण्यांतून ऐकू आली, पण घुमून घुमून, त्यामुळे कोणालाच धड कळली नाही; सगळ्यांनी ती संपल्यावर आरोळी ठोकली एवढंच. तोफा सुटल्या. पहिल्या तोफेला एलुबी खाली बसली, चेहऱ्यावर, म्हणजे बाबांच्या, आणि टेलेझाने तिला दंडाला धरून उठवलं.

"ऊठ मेली! आजच्या दिवशी तरी!"

मग संचलन सुरू झालं. लाल डगलेवाले शिपाई, निळे पोलीस, पांढऱ्या टोप्यांच्या परिचारिका. शेकडो पाय एकदम उठत, एकदम पडत. जमीन हलल्यासारखी वाटे. एनेलेसी डोळे फाडून बघत राहिली. हे सगळं इतकं नेटकं, इतकं वेळेवर! कोणाचा पाय चुकत नाही, कोणाचं बटण तुटलेलं नाही. हेच सरकार तिला इतके दिवस सांगत होतं की साहेब रजेवर आहेत, कागद सापडत नाहीत, गाडीत तेल नाही. म्हणजे यांना सगळं येतं, तिला वाटलं. हे मनावर घेतील तर सगळं करू शकतात. आणि त्या विचाराने तिला राग यायला हवा होता, तर तिला उलट धीर आला. आशा माणसाला इतकं खुळं करते.

शेवटच्या तुकड्यांत तुरुंगाचे शिपाई आले. पुढच्याच रांगेत चिम्वाला होता! तुरुंगाच्या फाटकावर बसणारा, आत काही लपवलंय का म्हणून तिच्या डब्यातल्या न्सिमात दर भेटीला काळी तार खुपसून बघणारा चिम्वाला. आज त्याच्या हातात पांढरे शुभ्र हातमोजे होते आणि हनुवटी आभाळात.

"तो बघ! तो आमचा आहे!" ती एलुबीला म्हणाली, नातलगाला ओळखल्यासारखी.

संचलन संपलं, अध्यक्ष उघड्या गाडीतून मैदानाला फेरी मारायला निघाले, आणि बायकांना नाचायचा इशारा झाला. ढोल लागले. एनेलेसीने ओळ टाकली, बायकांनी उचलली. धुळीत पाय, टाळ्या, जिभांचा लुलुलुकार. गाडी एकेका गटापुढून जात होती. चिंगोमाच्या बायकांपुढे आली आणि थांबली. अध्यक्ष खाली उतरले. टेलेझाने आनंदाने किंकाळी फोडली. ते घामाघूम, हसरे, बूट धुळीत घालून चक्क त्यांच्यात येऊन नाचायला लागले, एनेलेसीपासून दोन हातांवर. त्यांच्या कानामागचा पांढरा केस तिला दिसला. एक माणूस ढोलाशेजारी माइक घेऊन धावला.

एनेलेसीने श्वास घेतला आणि गायली,

'माझा येसाया आत आहे, दार कोण उघडणार?'

एक क्षणभर बायका गांगरल्या. टेलेझाचे डोळे पांढरे झाले. पण एलुबीने ओळ पडू दिली नाही, तिने एकटीने खडा आवाज लावला, 'बाबा उघडतील!' आणि मग बाकीच्या तिच्यामागे आल्या.

'कापिरा बाजारातून नेला, दार कोण उघडणार?'
'बाबा उघडतील!'
'येसाया खोकतो, थंडी पडली, दार कोण उघडणार?'
'बाबा उघडतील!'

कर्ण्यांतून ते सगळ्या स्टेडियममध्ये गेलं. कडेच्या लोकांनी उचललं, मग समोरच्यांनी, मग सगळ्यांनीच. हजारो माणसं तिच्या पोराचं नाव घेत होती. अध्यक्षांनी मान डोलावली, तिच्याकडे बोट करून हसले, पुन्हा एकदा गोल फिरून नाचले आणि गाडीत चढले. एनेलेसी गुडघ्यांवर बसली. तिला वाटलं, पोचलं. तिच्या उभ्या आयुष्यात तिला असं सुख झालं नव्हतं.

मग भाषण झालं. अध्यक्ष रस्त्यांबद्दल बोलले, खताबद्दल बोलले, आणि मध्येच थांबून म्हणाले, "आत्ता माझ्या आयांनी मला एका येसायाचं गाणं ऐकवलं."

एनेलेसी उठून उभी राहिली.

"कोण आहे हा येसाया?" अध्यक्षांनी विचारलं. "मी सांगतो तुम्हाला. येसाया म्हणजे तुम्ही! येसाया म्हणजे मी! भुकेच्या, अज्ञानाच्या, भ्रष्टाचाराच्या दाराआड कोंडलेला प्रत्येक मलावीवासी म्हणजे येसाया! आम्ही सगळे येसाया आहोत! आणि ते दार आज उघडलं आहे!"

स्टेडियम उसळलं. माणसं मुठी वर करून ओरडायला लागली, "आम्ही सगळे येसाया! आम्ही सगळे येसाया!" चिंगोमाच्या बायकाही ओरडत होत्या.

"नाही," एनेलेसी म्हणाली. शेजारी कोण आहे हेही न बघता ती म्हणाली, "नाही हो, तो माझा मुलगा आहे. सायकलवाला. तो तिकडे, तुरुंगात." शेजारी पलीकडच्या जिल्ह्यातली एक बाई होती. तिने एनेलेसीला मिठी मारली आणि डोळे पुसत म्हणाली, "माझा पण, माई. आपण सगळेच."

लॉरीत चढताना टेलेझाने तिच्या हातात फँटाची बाटली आणि पाव दिला. राग कुठल्या कुठे पळाला होता. "सटवे, माझा जीव गेला होता! पण बाबांनी तुझं गाणं उचललं. रेडिओवर लागणार म्हणताहेत."

"माई, पक्षाच्या साहेबांना एकदा सांगता का? येसाया खरा आहे म्हणावं. नाव, बाजार, सगळं मी सांगते."

टेलेझाने तिच्याकडे बघितलं. ती काही दुष्ट बाई नव्हती. "एनेलेसी, तू गायलीस ना? त्यांनी ऐकलं ना? मग? गायलेलं पुन्हा बोलतं का कोणी?"

रीत तिचीच होती. तिने फँटा एलुबीला दिला.

गाणं खरंच रेडिओवर लागलं. बातम्यांच्या आधी लागायचं, खताच्या जाहिरातीनंतर लागायचं. शहरातल्या कोणा गवयाने ते वाजंत्रीवर बसवलं, त्यातून कापिरा बाजार आणि खोकला गेला, येसाया राहिला. पोरं सायकलींवर ओरडत जायची, "आम्ही सगळे येसाया!" मुखियाने तिला बोलावून कोंबडी दिली. त्या दिवशी घरी येऊन एनेलेसी चुलीपुढे बसून रडली, आणि एलुबी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

थोड्या दिवसांनी ती डबा घेऊन तुरुंगात गेली. फाटकावर चिम्वाला होता, उघड्या हातांनी.

"अरे, गाणारी माई!" तो उठून उभा राहिला. आतल्या शिपायांना त्याने हाका मारल्या. "या रे, हीच ती! येसायाची माई! एक ओळ म्हणा ना, माई. एकच."

एनेलेसी म्हणाली, "पोराला बाहेर आणता का?"

"आणतो की. आधी एक ओळ."

ती गायली. दार त्याच्या हातात होतं. शिपायांनी टाळ्या धरल्या, 'बाबा उघडतील' म्हणाले आणि खुशीत हसले. चिम्वालाने त्या दिवशी डब्यात तार खुपसली नाही, एवढा मान तिला मिळाला.

येसाया आला. तो आधीही वाळला होता, पण आता ओठ निळसर दिसत होते आणि तो चालताना भिंत धरत होता. जाळीपलीकडे उकिडवा बसला.

"ऐकलंस?" तिने विचारलं.

"ऐकलं, आई. शिपायांचा रेडिओ खिडकीत होता. तू बाजाराचं नाव घेतलंस तेव्हा सगळी खोली गप्प झाली. मग एकच दंगा. मला खांद्यावर घेऊन नाचले सगळे." तो जरा हसला, मग खोकला, बराच वेळ खोकला. "मग मी वाटून टाकलं."

"काय वाटून टाकलंस?"

"सगळं. सुटणाऱ्याने इथलं काही न्यायचं नसतं, नेलं तर माणूस परत येतो. घोंगडी एका म्हाताऱ्याला दिली. थाळी दिली. भिंतीकडची झोपायची जागा एका पोराला दिली. आता संडासापाशी बसतो. बसूनच झोपतो, तिथे आडवं व्हायला जागा नाही."

"मग घे परत! दिली तशी घे. तू सुटला नाहीस ना अजून!"

"म्हाताऱ्याला मागितली होती. तो देत होता. बाकीच्यांनी देऊ दिली नाही." येसाया हळू आवाजात बोलत होता, मागच्या शिपायाला ऐकू जाऊ नये म्हणून. "ते म्हणतात, येसायाने घोंगडी परत घेतली म्हणजे बाबा उघडणार नाहीत, असं झालं. मी सुटलो की आपण पण सुटणार, असं धरून बसलेत सगळे. रोज सकाळी दार वाजलं की माझ्याकडे बघतात. मी परत अंथरूण घातलं तर ती माणसं मरतील, आई."

"मी नवी घेऊन येते," एनेलेसी म्हणाली. "पुढच्या भेटीला घेऊन येते. जाड, लोकरीची."

"नको," येसाया म्हणाला. "तू घोंगडी आणलीस तर त्यांना कळेल, की तुलाही ठाऊक आहे."

शिपायाने त्याच्या खांद्यावर थाप मारली, वेळ झाली म्हणून. तो भिंत धरून आत गेला.

पुढच्या भेटीला एनेलेसी न्सिमा घेऊन गेली, वाळवलेले मासे घेऊन गेली, खोकल्याचा पाला घेऊन गेली. घोंगडी तिने नेली नाही.